लोहचुंबक आणि शेफालीच्या आईची बांगडी

वर्गात गप्प बसणाऱ्या पोरांची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती प्रत्येक वाक्याला 'हो बाई' म्हणणाऱ्यांची. गप्प पोर निदान काहीतरी विचार करत असतं. 'हो बाई'वालं पोर घंटा कधी होते याची वाट बघत असतं. सगळी नोकरी मी प्राथमिक शाळेत काढली, त्यातली बरीचशी तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गावर. बदल्या किती झाल्या आणि कुठल्या साहेबानं काय शेरा मारला हे सांगत बसले तर तुमचा फराळ शिळा होईल. त्यापेक्षा एकाच पाठाबद्दल लिहिते. लोहचुंबकाचा पाठ. तो मला उत्तम शिकवता यायचा, हे मी उगीच लाजून लपवणार नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि माझी नेमणूक मुलचेऱ्याकडच्या एका गावात झाली. नवरा ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला, क्वार्टरमध्ये राहणारा. मी इकडे कवेलूच्या छपराखालच्या खोलीत. तिकडे एवढी वीज तयार व्हायची आणि माझ्या खोलीत कंदील, यावरून मी त्याला मनसोक्त टोमणे मारायचे. वर्गात कुणब्यांची पोरं, आमच्या बौद्ध वस्तीतली पोरं, गोंडांची पोरं, आणि एक बंगाली मुलगी. पोरांची झाडी बोली मला येत होती, हिंदीवर बाकीचं भागायचं. गोंडी मात्र शेवटपर्यंत कच्चीच राहिली. सकाळी शाळेत येताना ती गोंड पोरं आपसात काय हसतात ते मला कळायचं नाही, याची खंत आजही आहे.

शाळेला विज्ञानाची पेटी मिळालेली होती. ती हेडमास्तर गुरुजींच्या कपाटात असायची आणि कपाटाची चावी त्यांच्या कमरेला. गुरुजी माणूस भला, पण सरकारी वस्तू वापरली की झिजते या विचारानं त्यांना घाम फुटायचा. पहिल्या वर्षी मी फार मागे लागले तेव्हा त्यांनी पेटी उघडली. आत दोन चुंबकपट्ट्या एकमेकींवर पडलेल्या, गंजलेल्या. त्यांना टाचणीसुद्धा उचलेना. पट्टीचुंबक ठेवायचीही एक रीत असते. विरुद्ध टोकं शेजारी ठेवायची आणि टोकांना लोखंडाचे तुकडे लावायचे, नाहीतर बसल्या जागी त्यांची ताकद जाते. गुरुजींनी ती चुंबकं इतकी जपली होती की जपता जपता संपवून टाकली होती.

मग नवऱ्यानं ऊर्जानगरजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जळालेला भोंगा आणला. कुठल्याशा लग्नात वाजून वाजून गेलेला असणार. तो फोडून आतली काळी, जड, मधे भोक असलेली चकती काढली. भोंग्यातलं चुंबक पेटीतल्या पट्टीपेक्षा कितीतरी जोरकस असतं. एसटीत मी ते पिशवीत घेऊन बसले होते, तर पिशवी सीटच्या दांड्याला चिकटून बसली. कंडक्टरनं आधी पिशवीकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथेच तास घ्यावा लागला.

बाहेरच्यांना वाटतं, त्यात काय शिकवायचं, चुंबक दाखवायचं, टाचण्या चिकटवायच्या, झालं. तसं केलं की पोरं टाळ्या वाजवतात आणि काही शिकत नाहीत. माझी पद्धत वेगळी होती. आदल्या दिवशी सांगायचं, घरून काहीही एक वस्तू आणा. दुसऱ्या दिवशी जमिनीवर वस्तूंचा ढीग. विळा, दगड, बांबूची कामटी, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची वाटी, बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू, कोंबडीचं पीस. चुंबक पदरात झाकून ठेवायचं आणि आधी विचारायचं: काय चिकटेल, काय नाही? प्रत्येकानं आपलं मत द्यायचं आणि आपली वस्तू त्या बाजूला ठेवायची. मत दिलं की पोर त्यात अडकतं. मग चुंबक काढायचं. जर्मनची वाटी चिकटणार असं सगळ्या वर्गाचं मत असायचं, आणि ती कधीच चिकटायची नाही. त्या क्षणी पोरांचे चेहरे बघण्यासाठी मी पगार न घेताही शिकवलं असतं, फक्त हे गुरुजींना सांगितलं नाही.

पुढे आणखी एक भोंगा फोडून दोन चकत्या झाल्यावर त्या एकमेकींना कशा ढकलतात तेही दाखवायचे. पोरं दोन्ही हातांनी दाबायची आणि मधे काहीच नसताना काहीतरी दाबलं जातंय म्हणून बोटांच्या फटीतून डोकावून पाहायची. मार्कंड्याच्या यात्रेला सहल नेली, तर गुरुजी देवळाकडे आणि माझा वर्ग वैनगंगेच्या रेतीत. पोरांनी चुंबकाला सुतळी बांधून रेतीतून ओढलं आणि त्याला काळ्या बारीक कणांच्या मिशा आल्या. लोखंडाची रेती आपल्या नदीत असते हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनी शोधलं. एका पोरानं स्टीलचे दोन पेले आणून विचारलं, एक चिकटतो आणि दुसरा काऊन नाई? मला उत्तर येत नव्हतं. 'मला माहीत नाही, विचारून सांगते' हे वाक्य मास्तरला म्हणता यायला हवं, आणि मला ते छान म्हणता यायचं.

माझी दुसरी एक सवय गुरुजींना अजिबात आवडायची नाही. पाठ झाला की रोज एका पोराला चुंबक घरी न्यायला द्यायचे. घरात, गोठ्यात, विहिरीवर लावून बघा आणि उद्या सांगा. कुलपातलं चुंबक कुणाला काही शिकवत नाही, हे त्यांच्याच कपाटानं मला शिकवलं होतं.

बांगडीचं प्रकरण झालं त्या वर्षी वर्गात सुमन नावाची पोट्टी होती. जिभेनं तिखट, डोक्यानं तल्लख. तिची आजी सखूबाई म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. सखूबाईनं मान हलवली की निम्मं गाव मान हलवायचं. पाठाच्या दिवशी सुमननं विचारलं, सोनं चिकटते का? मी माझ्या कानातलं काढून दाखवलं, चिकटलं नाही. सगळ्यांनी पाटीवर लिहिलं: लोखंड चिकटते, सोनं चिकटत नाही. वाक्य बरोबर होतं. पण पोरीनं घरी जाता जाता त्याला उलटं फिरवलं आणि नवा नियम केला: चिपकलं ते खोटं.

सखूबाईच्या गळ्यातलं सौभाग्याचं डोरलं परीक्षेला बसलं आणि पास झालं. सखूबाई खूश. मग शेजारणींचं झालं. एकीच्या नणंदेनं जत्रेत घेतलेली अंगठी टक्कन चिकटली. ती खरोखरच खोटी निघाली, आणि नियमाची पत एकदम वाढली. पितळेवर मुलामा दिलेलं खोटं सोनं असतं तर ते या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झालं असतं, पण तेवढा विचार करायला कुणाला सवड होती? सुमनच्या मागे मिरवणूक सुरू झाली. चुंबक ज्याच्या घरी जाईल त्याच्याकडून ती ते मागून घ्यायची आणि बायका हात पुढे करायच्या.

आता शेफालीबद्दल सांगते. मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली निर्वासितांची गावं वसवलेली आहेत. शेफालीचा बाप, निताई, वसाहतीतून निघून आमच्या गावाच्या टोकाला राहायला आला होता. तळ्यात मासे धरायचा आणि त्याची बायको आठवडी बाजारात ते विकायची. कचेरीतलं सगळं काम मराठीत चालतं, म्हणून पोरीला मराठी शाळेतच घालायचं हा त्याचा हट्ट. पोरगी रोज यायची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. पाटीवरची गणितं बिनचूक. पण तोंडातून शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. वर्ष गेलं, दुसरंही संपत आलं, तरी तिचा आवाज कसा आहे ते शाळेत कुणाला माहीत नव्हतं. गुरुजी म्हणायचे, मुकी आहे, हिला खालच्या वर्गात बसवा. मी म्हणायचे, कान बघा तिचे, सगळं ऐकते ती.

बाजाराच्या दिवशी सुमनची मिरवणूक मासळीवाल्या बायकांपाशी पोचली. पुढे काय झालं ते मला नंतर तिथल्या चारचौघांकडून कळलं. सगळ्या बायका हसून हात पुढे करत होत्या. शेफालीच्या आईला मराठी येत नव्हतं. तिला वाटलं खेळ चालला आहे. तिनंही हसून स्वतःहून हात पुढे केला. तिच्या मनगटात पांढरी शंखाची बांगडी, लाल बांगडी आणि त्यांच्यामध्ये एक बारीक सोन्याची. चुंबक त्या सोन्याच्या बांगडीला टक्कन चिकटलं.

बायका हसल्या. सखूबाई म्हणाली, काढून दाखव, नीट पाहू. कुणीतरी खुणेनं समजावलं. ते समजल्यावर बाईनं हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातानं मनगट गच्च धरून बसली. बस, काढत नाही म्हणजे खोटंच. मग एकजण म्हणाला, सोनं खोटं तर मापही खोटं असेल. त्या दिवशी तिचे मासे तसेच पडून राहिले. शेफाली आईशेजारीच बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुजींना तेवढंच निमित्त. चुंबक कपाटात जमा करा, म्हणाले, गावात भांडणं लागली. मी सांगितलं, चुंबकानं भांडण लावलेलं नाही, अर्ध्या पाठानं लावलं आहे, आणि उरलेला अर्धा मी शिकवणार आहे. ते चावी चाचपत राहिले. मी चुंबक घेऊन वर्गात गेले.

संध्याकाळी निताईच्या घरी गेले. अंगणात जाळं वाळत होतं. बायको डोक्यावर पदर ओढून चुलीपाशी, शेफाली तिच्या मागे. निताई अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत बोलायचा. पोरगी आता येणार नाही, म्हणाला, घरीच राहील, मासे साफ करेल. मग जरा थांबून म्हणाला, "माझी बायको चोर नाही, बाई."

मी म्हटलं, मला माहीत आहे, पण बांगडी का चिकटली ते मला माहीत नाही, सांगा. तेव्हा त्यानं सांगितलं. त्यांच्यात लग्न झालं की सासू सुनेच्या हातात लोखंडाची बांगडी घालते. ऐपत असली तर वरून सोन्याचा पातळ पत्रा चढवतात. ही बांगडी त्याच्या आईनं पूर्व बंगालातून येताना अंगावर आणलेली. आत लोखंड असतंच, असायलाच पाहिजे. आणि नवरा जिवंत असेपर्यंत बायको ती हातातून काढत नाही. बाजारात सगळ्यांनी काढ काढ म्हणून घेरलं तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे त्यानं सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती. मला राग आला, कुणाचा ते ठरवता येईना.

मी त्याला म्हटलं, शनिवारी सकाळची शाळा आहे, दोघींना घेऊन या. बांगडी कुणी काढायला सांगणार नाही, ही माझी जबाबदारी. तो उठून वाळलेलं जाळं गुंडाळायला लागला. मी परत आले. त्या दोन दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. पोर गेलं असतं तर कायमचं गेलं असतं. अशी गेलेली पोरं परत येत नाहीत, हे मी तोवर पुष्कळदा पाहिलं होतं.

सरळ उपाय एक होता. गावात जाऊन सांगायचं, बाईंनो, तुमचं चुकलं. लोकांनी 'हो बाई' म्हटलं असतं, आणि 'हो बाई'बद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहेच. ज्या पोरांनी चुकीचा नियम गावभर नेला, त्यांनीच तो मोडायला हवा होता. आणि मोडायचा तर हातांनी मोडायचा.

शनिवारी सुमनला सांगितलं, आजीला घेऊन ये, मला तिचं काम आहे. सखूबाई आली, मागून आणखी चार बायका आल्या. निताईचा पत्ता नव्हता. मी पाठ सुरू केला. एक खिळा घेतला, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळला आणि विचारलं, हे काय आहे? चांदी, पोरं म्हणाली. चिकटेल? नाही. सगळ्यांनी मत दिलं. चुंबक नेलं तर टक्. पोरं गोंधळली. मग खिळा कागदाखाली ठेवला, कापडात बांधला, पाण्याच्या पेल्यात टाकला. प्रत्येक वेळी चुंबकानं त्याला शोधून काढलं. वर काय आहे याची चुंबकाला पर्वा नाही, हे पोरांच्या लक्षात यायला लागलं. मग मी घुंगरू घेतलं, राखेनं घासून सोन्यासारखं चमकवलेलं, आणि सुमनच्या हातात चुंबक दिलं. चिकटलं नाही.

"मग सुमन, हे सोनं का?" मी विचारलं.

"नाई बाई, हे तं पितळ हाय. आमच्याच बैलाचं हाय."

"तुझा नियम तर सांगतो की चिकटलं नाही ते खरं."

सुमन घुंगराकडे पाहत राहिली. ही पोरगी गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. वर्गात कुजबुज सुरू झाली. शेवटी तीच हळूच म्हणाली, "चिपकलं म्हंजे अंदर लोखंड हाय. एवढंच समजते. खरं-खोटं नाई समजत." याहून चांगलं वाक्य मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी ते फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात पोरांची तोंडं दाराकडे वळली.

दारात निताई उभा होता. त्याच्या मागे बायको, आणि तिचा पदर धरून शेफाली. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. सखूबाईची नजर सरळ त्या मनगटावर गेली. मी मनात तयारी करत होते, काय सांगायचं, कसं सांगायचं. पण मला तोंड उघडावं लागलं नाही.

"माह्या आईची बांगडी खोटी नाई."

आवाज कुठून आला ते क्षणभर कुणाला कळलं नाही. शेफाली आईच्या पुढे आली होती. आवाज बारीक, पण बोली अशी की जणू याच गावात चार पिढ्या गेल्या.

"ते लोखंडाचीच हाय. वरून सोनं लावलं हाय. आमच्यात लगन झालं का सासू देते. बाबा जित्ता हाय तवरी आई ते काढत नाई. म्हून तिनं बाजारात काढली नाई. तुम्ही सारे तिले काढ म्हणून राह्यले होते."

सखूबाईचा हात आपोआप गळ्याकडे गेला, डोरल्यावर. तिच्यामागच्या बायकांचेही गेले. सखूबाई उठली, शेफालीच्या आईपाशी गेली आणि तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बांगडीला मात्र हात लावला नाही.

"मले कोणी भरबाजारात डोरलं काढ म्हणलं असतं तं मी त्याचं थोबाड फोडलं असतं," ती म्हणाली. "हे बिचारी नुसती हात धरून बसली."

शेफालीच्या आईला यातलं अक्षर कळलं नाही. ती सखूबाईकडे पाहतच नव्हती. ती आपल्या पोरीकडे पाहत होती. पोरीनं काय म्हटलं ते तिला समजलेलं नव्हतं. आपलं पोर त्या लोकांच्या भाषेत, त्या लोकांसमोर, न अडखळता बोललं, एवढंच समजलं होतं. तिनं नवऱ्याला हळूच काही विचारलं. निताईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळला.

"बाई, ये पूछती है, अपनीच शेफाली बोली क्या."

मी म्हटलं, हो, तीच. आणि मलाही फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं, कारण वर्गासमोर बाईनं रडायचं नसतं असं त्या काळी आम्हाला वाटायचं.

पुढच्या बाजारात सखूबाईनं सगळ्यांसमोर पहिले मासे तिच्याकडून घेतले. सुमन घरोघर जाऊन आपला नियम दुरुस्त करून आली. दोन घरी तिला हाकलून दिलं, तिथे ती दुसऱ्यांदा गेली.

शेफाली सोमवारी शाळेत आली आणि सुमनशेजारी जाऊन बसली. दोन वर्षांचं साठलेलं सगळं त्या पोरीला एकाच आठवड्यात बोलायचं होतं. तळ्यातले मासे, भावाचा दात, जाळ्यात आलेलं कासव, काही म्हणता काही थांबेना. शेवटी भागाकार शिकवताना मला खडू खाली ठेवावा लागला.

"शेफाली," मी म्हटलं, "आता जरा गप्प बस."